गांज्याचं दुकान मागणारी मावशी

मुंबईत आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे आणि सकाळी उठून जायला काम आहे, ते एका बाईमुळे. लालबागला आमच्या गल्लीत तळमजल्यावर खाणावळ चालवायची ती मावशी. आधी तिचं नाव घ्यायचं आणि मग काय झालं ते सांगायचं असं ठरवून बसलो होतो, पण नाव लिहायला गेलो आणि हात थांबला. मावशी अजून आहे. मालवणाकडे गावी असते. तिच्या परसात कढीपत्ता आहे, गवती चहा आहे, आणखी काय काय आहे ते मला ठाऊक नाही. उगाच कुणी बघायला जायला नको. तेव्हा नुसतं मावशीच.

मी माण तालुक्यातला. शाळा सातवीत सुटली. मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर घरात अजून एकमत नाही. मुंबईत गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि थोड्याच दिवसांत संप सुरू झाला. तो माझ्या पायगुणाने झाला नाही, हे मला बरेच दिवस पटत नव्हतं. मला कसलीही भीती वाटते. समोरून पोलीस आला तर मी आधी फुटपाथ बदलतो आणि मग आपण काय केलंय ते आठवायला लागतो.

मावशीच्या खाणावळीत कुणाला नावाने हाक नसायची. ज्याचं जे व्यसन, ते त्याचं नाव. "ए बिडी, सरक वायच." "मटको इलो काय? तेका भात वाढ." पहिल्या दिवशी मला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू काय ओढतंस?"

"काही नाही मावशी."

"दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही हो."

"मग हात कित्याक थरथरता रे तुझो, भित्र्या?"

झालं. भित्र्या हे नाव पडलं, ते आजतागायत आहे.

संपात गल्लीतल्या निम्म्या चुली थंडावल्या. मावशीने ताटवाढ बंद केली, एक मोठं पातेलं पेजेचं चढवलं, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवला आणि दारात उभी राहून ओरडली, "ज्येका लाज वाटता तेणी मागल्या दारान येवा." पुढच्या दारात कुणीच दिसेना, मागल्या दारी मात्र रांग. मग तिने दुसऱ्या दिवशी मागलं दार बंद करून टाकलं. म्हणाली, "सगळेच लाजतहत तर लाजूक कोणाक?" मी त्या पेजेवर संप काढला.

आता तिच्या वेडाबद्दल. मावशीचं ठाम मत होतं की सरकारने गांज्याचं दुकान काढावं. नाक्यावर, देशी दारूच्या दुकानाशेजारी, पाटी लावून. हे ती चारचौघांत, पळी हातात घेऊन, कुणालाही सांगायची. गल्लीला वाटायचं बाई ओढत असणार. ती तर चहासुद्धा घ्यायची नाही. तिचं मत चुलीपुढे बसून बनलेलं होतं. इतक्या वर्षांत ज्याने जी नशा केली असेल तो तिच्यासमोर पाटावर येऊन बसला होता, आणि माणूस जेवताना जेवढा उघडा पडतो तेवढा आंघोळीतही पडत नाही, असं ती म्हणायची.

"दारूवालो येता," ती सांगायची, "अर्धा ताट टाकता, आमटीक नावा ठेयता, आणि जाताना बायलेक मारूक जाता. मटकेवाल्याचा ध्यान आकड्यात, तेका भात काय नि भुसो काय. गांजेकस येता, डोळे मिटून पयलो घास घेता, आणि म्हणता, मावशी, काय गो आमटी ही! तेच्यासारखा गिऱ्हाईक नाय."

"मग चांगलंच की," कुणीतरी म्हणायचं.

"चांगला खंयचा? मेलो उठणाच नाय!"

खाणावळीची रीत पोटभर जेवणाची. चपात्या मोजायच्या नाहीत, भात नको म्हणेपर्यंत वाढायचा. आणि गांजा ओढलेला माणूस नको म्हणतच नाही. "माझ्या धंद्याक तो दरोडोच," मावशी म्हणायची, "तरी पण मी सांगतंय, दुकान होवक व्हया." स्वतःचं दिवाळं काढणाऱ्या गोष्टीची तरफदारी करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

रात्रशाळेचे एक मास्तर तिच्याकडे जेवायचे. ते म्हणायचे, "मावशी, अशाने तरुण पिढी बिघडेल."

"खंयची पिढी मास्तरांनू? ती नाक्यार बसलीहा ती? गिरणी बंद पडल्यापासून ती बिघडूनच बसलीहा. गर्द ओढता. तेच्यार बोला काय ता."

गर्द, म्हणजे हेरॉइनची ती तपकिरी पूड, तेव्हा गिरणगावात नुकती आली होती आणि आमच्याच वयाची पोरं जिन्याखाली वाळून जात होती. लोकांना गांजा काय नि गर्द काय, सगळं एकाच पुडीतलं वाटायचं. मावशी मात्र ताडकन म्हणायची, "गर्द माणसाक खाता. गांजो माणसाक खावक लावता. इतको फरक तुमका कळणा नाय आणि तुम्ही पोरांक शिकवतास?"

तिची बाजू आंधळी होती असंही नाही. रोज चिलीम ओढून ओढून भिंतीशी बोलायला लागलेला एक माणूस खाणावळीत यायचा. मास्तरांनी त्याच्याकडे बोट दाखवलं तेव्हा मावशीने आधी त्याच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "तेका पण मीच वाढतंय. दुकान असता तर कोण किती घेता ता कोणाक तरी कळला असता. आता पोलिसाक कळणा नाय, माका कळणा नाय, आणि तेका तर कायच कळणा नाय."

निवडणुकीत उमेदवार गल्लीत यायचे, हात जोडून गिरण्या चालू करतो म्हणायचे. मावशी त्यांना ताक द्यायची आणि विचारायची, "गांज्याचा दुकान कधी काढतलास?" एकदा एकाला ठसका लागला. त्याचे कार्यकर्ते तिला बाजूला घ्यायला लागले तर म्हणाली, "गिरणी चालू करतंय म्हणता ता काय होवचा नाय, ता माका आणि तेका दोघांका ठाऊक हा. ह्या तरी होयत." तो उमेदवार निवडून आला. दोन्हींतलं काहीच झालं नाही.

एवढं सगळं गंमतीचंच चाललं होतं, मावशीचे यजमान आजारी पडेपर्यंत.

ते गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. सबंध आयुष्य कापसाच्या धुळीत काढलेला, तोंड न उघडणारा म्हातारा. मावशी दोघांच्या वाटचं बोलायची. पोटात कॅन्सरची गाठ निघाली. परळच्या मोठ्या इस्पितळात सुया सुरू झाल्या. मी तेव्हा परळलाच दुसऱ्या एका इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून लागलो होतो, तोही कच्चाच. त्यामुळे त्यांना न्यायचं-आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. सुई घेऊन आले की म्हाताऱ्यांना अन्नाचा वास सहन होईना. आणि घर कुठलं, तर खाणावळ! सगळी गल्ली तिच्या हातचं जेवून ढेकर देत होती आणि आतल्या खाटेवर तिचा नवरा भाताच्या वाफेने ओकत होता. पेज नाही, दूध नाही. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तर पुढची सुई देऊ.

एका दुपारी पाटावरचा शेवटचा माणूस उठल्यावर मावशी माझ्याजवळ येऊन बसली. ती बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"भित्र्या, जी वस्तू माझा टोपला रिकामा करता, ती माझ्या घोवाक एक घास घालूची नाय?"

मला समजलं. फुटपाथवर मुळ्या-जडीबुटी विकणारा एक गोसावी होता, सगळ्यांना माहीत असलेला. मी गेलो. त्याने पुडी दिली, मी ती बनियनच्या आत घातली आणि वाटेत दोनदा फुटपाथ बदलला.

म्हातारे ऐकेनात. "मी काय गोसावी हंय?" ते म्हणाले. त्यांच्या तोंडून महिन्यात निघालेलं ते पहिलं वाक्य असावं. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "देवळातल्या शंकराक चलता, तुका चलणा नाय? दिसतंस तर तसोच, राख फासल्यासारखो." चिलीम कशी धरायची हे आम्हा तिघांपैकी कुणालाच येत नव्हतं. शेवटी बिडी रिकामी करून भरली. म्हातारे खोकले, मग पडून राहिले, मग बराच वेळ आढ्याकडे बघत बसले. मी मनात देवाचा धावा करत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "आज काय केलंस गो?"

बांगड्याचं तिखलं होतं. भाताचे पाच-सहा घास गेले. मग ताट सारून म्हणाले, "तिरफळा कमी पडली."

मावशी उठली. मागल्या दारी गेली आणि कोळणीला मासे शिळे दिल्याबद्दल इतक्या मोठ्याने, इतक्या आनंदाने शिव्या घातल्या की ती बिचारी टोपली उचलून बघायला लागली.

मग दिल्लीत कायदा झाला. न्हाव्याच्या दुकानात पेपर मोठ्याने वाचून झाला. गांजा सापडला तर वर्षानुवर्षं आत. कोर्टात शिपाई असलेल्या एका गिऱ्हाइकाने मावशीला समजावलं की पान चालतं, त्याची भांग होते, फुलाचा मात्र गुन्हा. मावशीने पळी आपटली. "झाड एकच मां? उद्या म्हणशात वांग्याची भाजी चलता, भरीत केल्यान तर फाशी!" मग तिला आठवलं, "आणि दारूचा परमिट देतत तेच्यार काय लिवलेला असता? तब्येतीसाठी! दारू तब्येतीक, आणि घास उतरूक चिलीम नको!"

पण गल्लीची हवा बदलली. आमच्या खोलीत तर एकदमच. आमची खोली गावकीची. गावची माणसं एकत्र राहायची, एक मोरी, एक देवाची तसबीर, आणि भिंतीला खुंट्या. पूर्वी तीन पाळ्यांत तिघांची पिशवी एकाच खुंटीला लागायची, एक गेला की दुसऱ्याची. संपानंतर सगळेच घरी, त्यामुळे सगळ्या पिशव्या एकावर एक. आणि दुसऱ्याच्या पिशवीत हात घालून बिडी शोधणं ही आमच्याकडे चोरी धरत नसत, शेजारधर्म धरत.

एका रविवारी सकाळी असाच एकाने बिडीसाठी माझ्या पिशवीत हात घातला आणि मावशीला द्यायची राहिलेली नवी पुडी काढली. आधी वास घेऊन खूश होऊन ओरडला. मग कायदा आठवला आणि घाबरून ओरडला. दोन्ही ओरडण्यांमध्ये अर्ध्या श्वासाचंही अंतर नव्हतं.

हीच माणसं शिवरात्रीला भांगेच्या थंडाईचे पेले चाटून पुसायची. गॅलरीत भजनानंतर चिलीम फिरायची तेव्हा ओढणाऱ्या म्हाताऱ्याला बुवा म्हणायची. पण आता ती भिंतीला चिकटून बसली. खोलीचे कारभारी तात्या. ते म्हणाले, "आपल्या खोलीत आजवर पोलीस शिरला न्हाई. कुणासाठी आणलीस, सांग."

मी गप्प. पुढे लोक म्हणाले, पोरगं इमानी. खरं सांगतो, माझी जीभ टाळूला चिकटली होती.

"सांगत न्हाईस? मग खोली सोड. इस्पितळात बी कळवायला लागंल."

एकाने माझी ट्रंक गॅलरीत नेऊन ठेवली. आमच्याकडे ट्रंक बाहेर गेली की माणूस बाहेर. खोली गेली तर मुंबईत मला ओळखीची दुसरी फरशी नव्हती, आणि इस्पितळात कळलं तर कच्ची नोकरी पिकायच्या आधीच सडणार होती. गावाकडे काय सांगणार? देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावला गेला. फैसला दिव्यासमोर, हात वर करून, अशी रीत. तात्यांनी विचार करायला तंबाखू मळून तोंडात टाकली.

तेवढ्यात, खाली गल्लीत गेलेला ओरडा ऐकून, मावशी आत आली. पुरुषांच्या खोलीत बाई येत नसे. ती आली तेव्हा दोघेजण टॉवेलवर होते, ते मोरीत पळाले.

"पुडी माझी," ती म्हणाली. "ह्याका मीच धाडलंय. माझो घोव जेवणा नाय म्हणान."

कुणी हलेना. त्या कायद्यापुढे, इतक्या तोंडांसमोर, हे बोलण्याची तिला काही गरज नव्हती. मी तर तिचं नाव घेतलंच नव्हतं. उद्या यांतला एक जरी चौकीवर गेला असता तरी खाणावळीला टाळं आणि खाटेवर तो म्हातारा. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"आता काढा हात वर," मावशी म्हणाली. "पण एक सांगतंय. ज्येणी आज बिडी, तंबाखू, मशेरी, दारू, कायच तोंडाक लावूक नाय, तेणीच हात वर करूचो. बाकीच्यांनी नाय. कालपर्यंत बुवा म्हणी होतास, आज चोर म्हणतास, तर तोंड धुवन तरी म्हणा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तात्या तर बोलूच शकत नव्हते, गाल भरलेला. एकही हात वर होईना. आणि मग, कोपऱ्यातून, एक हात वर आला.

आमच्या खोलीतला माळकरी. तुळशीची माळ, कसलंच व्यसन नाही, कांदासुद्धा नाही. मी गॅलरीतल्या ट्रंकेकडे पाहिलं. या माणसाला चहात आलं जास्त झालं तरी पाप वाटायचं. खोलीत मत द्यायला लायक तो एकटा, आणि त्याचा हात वर.

मावशीचाही चेहरा उतरला. "बोल बाबा," ती म्हणाली. "तुझो हक्क हा."

माळकरी चाचरत म्हणाला, "न्हाई, मत न्हवं मावशी… आज एकादस हाय. माझ्यापुरती साबुदाण्याची खिचडी करायची, एवढंच सांगायचं ऱ्हायलं हुतं."

मोरीतल्या दोघांपैकी कुणीतरी आधी हसलं. मग सगळी खोली. हसू आवरताना तात्यांची पंचाईत झाली, ते तोंड दाबून गॅलरीत पळाले, खाली पिंक टाकली, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. परत आले ते माझी ट्रंक ओढत. खुंटीखाली आणून ठेवली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "वाटेत हुती. पाय लागला."

झाला फैसला. इस्पितळात कुणी गेलं नाही, चौकीवरही नाही. त्या वर्षअखेरीला माझी नोकरी पक्की झाली. पुढे लग्न, पोरं, आज जे काही आहे ते सगळं ती ट्रंक खोलीत परत येण्यावर उभं आहे. ती गॅलरीतच राहिली असती तर मी कुठे असतो, याचा विचार मी करत नाही. केला तर हात थरथरतो.

मावशीला मात्र ते महागात पडलं. मास्तर यायचे बंद झाले. काही जण बायकांच्या दबावाने दुसरीकडे जेवायला लागले. गांजावाली म्हणून पाठीमागे बोललं जाई. आणि त्याच बायकांतल्या दोघी-तिघी दुपारी मागल्या दाराने येऊन हळूच विचारायच्या, "आमच्या ह्यांची दारू सुटेल का हो त्याने?" मावशी सरळ सांगायची, "ता माका ठाऊक नाय. माका फक्त जेवणातला कळता."

पण एक नवल झालं. पुडी आणायला मला पुन्हा जावं लागलं नाही. अधूनमधून पाण्याच्या पिंपामागे, कागदात बांधलेली, आपोआप सापडायची. कोण ठेवायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा कागदाला तंबाखूचा वास येत होता, एकदा चक्क उदबत्तीचा. मावशी ती हातात घेऊन म्हणायची, "बघ भित्र्या. हात वर कोणाचो येणा नाय, पण पिंपामागे सगळ्यांचो पोचता. असलो हो आमचो जनमताचो कौल." म्हातारे पुढच्या शिमग्यापर्यंत जगले. जेवणाला नावं ठेवत ठेवत गेले. मावशी म्हणते, संसारातले ते सगळ्यांत बोलके महिने.

खाणावळ काही वर्षांनी बंद झाली. गिरणीच्या जागेवर काचेचा मनोरा झाला, तिथली मुलंमुली फाटकाबाहेर उभी राहून काय ओढतात ते वासावरून मला कळतं, आणि त्यांना कुणी पकडत नाही हेही दिसतं. टीव्हीवर तज्ज्ञ बसून वाद घालतात, कायद्याने मुभा द्यावी की नाही. मी बघत बसतो. त्यांच्यातलं कुणीही कुणाला कधी वाढलेलं नाही, हे दोन वाक्यांत कळतं.

परवा मावशीला फोन केला. आता तिला नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हटलं, मावशी, माझ्याच इस्पितळात करून घेऊ, निवृत्त व्हायच्या आत, ओळखीचे डॉक्टर आहेत, माझ्याकडे राहा.

"तुझी बायल माका चुलीकडे जावक देतली?"

"गॅस आहे मावशी, चूल नाही."

"मग तर येवचीच नाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी रजेचा अर्ज टाकलाय. बायकोला सांगितलंय, स्वयंपाकघर महिनाभर सोडायचं, आणि ती नाक मुरडून एकदाची हो म्हणाली आहे. मावशी, तू नको म्हणालीस तरी मी येतोय. सगळं फेडणं माझ्याच्याने व्हायचं नाही, पण तुला पुन्हा लख्ख दिसेल एवढं तरी मी करणार, आणि मग तू माझ्या घरात राहशील, हवे तितके दिवस. हा माझा शब्द. लिहिताना हात थरथरला नाही.